सगुणेच्या कपाळाचे बाशिंग

नदीच्या काठी आंबेसांगवी नावाचे गाव होते. तेथील जुन्या घाटावर सखयाबुवा महाराजांचा मुक्काम असे. महाराज बोलत थोडे, आणि बोलले तरी निम्मे हसण्यावारी नेत. त्यामुळे ज्यांना मोठमोठे शब्द ऐकण्याची हौस, ते त्यांच्यापाशी फार दिवस टिकत नसत. सगुणा मात्र टिकली होती.

सगुणेचे पेठेत बाशिंगांचे छोटेसे दुकान होते. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचे कुंकू पुसले गेले आणि ती आजाकडे, रामजी जिनगराकडे, परत आली. रामजीने तिचे सांत्वन वगैरे केले नाही, हातात कातर दिली. पुढे तो गेला आणि दुकान तिने एकटीने चालवले. भेंडाच्या मऊ गराच्या पांढऱ्या फुलांवर बेगडाचे मोर बसवायचे ही कल्पना तिची, आणि त्या मोरांसाठी लांबलांबची गिऱ्हाइके येत. पण एक रीत आजाची होती. बाशिंग तयार झाले की रामजी ते आधी स्वतःच्या कपाळाला बांधी, देवापुढे वाके, घरात पाणी भरी. कुठे काडी टोचली तर सारे उसवून पुन्हा करी. तो म्हणे, "नवरदेवाला त्या दिवशी टोचतंय म्हणून सांगता येत नाही गं. म्हणून आपण आधी टोचून घ्यायचं." सगुणाही तेच करी. ती दार लोटून करी, एवढाच फरक.

गावचे दौलतराव इनामदार यांनी मुलाच्या, यशवंताच्या, लग्नासाठी तिच्याकडूनच बाशिंग करवले. ते न्यायला आलेल्या गड्याने लोटलेले दार ढकलले आणि जे पाहिले ते वाड्यावर जाऊन सांगितले. इनामदार तणतणत दुकानी आले. पांढऱ्या कपाळाची बाई स्वतः बाशिंग बांधून मिरवते आणि तेच माझ्या मुलाच्या माथी मारते, असा भरपेठेत त्यांनी तिचा उद्धार केला. बाशिंग उचलून घाटावरून नदीत भिरकावले, आणि हिच्याकडून कुणी काही घ्यायचे नाही, असे बजावून गेले. लगीनसराई तोंडावर आली होती आणि दुकानाकडे कुणी फिरकेना.

शेजारणींनी सुचवले की यापुढे बाशिंग कपाळाला लावणार नाही अशी देवळात शपथ घे, इनामदार निवळतील. सगुणा महाराजांकडे आली.

"शपथ घेतली तर दुकान राहतं, महाराज," ती म्हणाली, "पण मग ते आजाचं राहत नाही."

महाराज म्हणाले, "मग नको घेऊस. इनामदाराच्या लग्नाला मात्र ये. बोलावणं मला आहे, तू माझ्याबरोबर चल."

लग्नाच्या दिवशी इनामदारांनी शहरातून आणलेले बाशिंग सगळ्यांचे डोळे दिपवत होते. आरसे, पितळी तारा, मोत्यांच्या झालरी! पाहायला ते फार सुंदर होते. वरात निघाली आणि एक तार यशवंताच्या कपाळात रुतू लागली. पण घोड्यावर बसलेला नवरदेव बोलणार कसा? मांडवाच्या दारात पोचेपर्यंत रक्त डोळ्यात उतरले, त्याला भोवळ आली आणि तो घोड्यावरून कोसळला. बाशिंगाचा चुरा झाला. यशवंत सावरला, पण मुहूर्त जवळ आला होता आणि मुलीकडची मंडळी अपशकुनाच्या गोष्टी कुजबुजू लागली होती. लग्न मोडते की काय, या भयाने इनामदार महाराजांकडे धावले.

महाराज उठले आणि घाट उतरले. मागे सगुणा, तिच्यामागे सारी वरात. कागद, भेंड आणि खळ, पाण्यात त्याचे काय उरणार? पण केवढे नवल! पायरीशी, वाहत्या धारेत, ते बाशिंग जागच्या जागी थांबले होते. महाराजांनी उचलले तर कागद कोरडा कुरकुरला. एका मोराचाही रंग उतरला नव्हता.

सगळ्यांनी हात जोडले. इनामदारांचेही जोडले गेले, पण मनातली गाठ सुटेना. "महाराज, ते हिच्या कपाळाला लागलंय," ते चाचरत म्हणाले.

"तुमच्या लग्नात बाशिंग कुणी केलं होतं?" महाराजांनी विचारले.

"रामजीनं."

"त्यानंही आधी स्वतःला बांधून पाहिलं असेल. तेव्हा त्याची बायको होती का हो?"

रामजीची बायको इनामदारांच्या लग्नाच्या कितीतरी आधी वारली होती, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होते. इनामदारांचा भरला संसार तर समोरच उभा होता. त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना उठवले आणि सगुणेकडे वळवले.

"पोरी, चुकलो," इनामदार म्हणाले. "यशवंताला तूच बांध."

आजवर तिने किती बाशिंगे केली त्याला गणती नव्हती, पण मांडवात उभे राहून एकही बांधले नव्हते. विधवेला तो मान कोण देणार? तिची पहिली गाठ निसटली. तेव्हा इनामदारांनी मुलाचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरले, आणि ती 'झालं' म्हणेपर्यंत स्वतःची मान वर केली नाही.