कांद्याच्या भावावर कोथिंबीर

एका गावात एक भोळा निवृत्ती होता, आणि तुम्हाला पटणार नाही, पण त्याला कॉम्प्युटरची नोकरी होती. मोबाइलनं काही विचारलं की सर्व्हरनं काय परत द्यायचं, ते तो लिहून ठेवी. नोकरी टिकली तर धुमाळांची मुलगी मिळणार होती. म्हणून जो जे सांगेल ते निवृत्ती अक्षरन् अक्षर पाळी.

एकदा मोबाइलनं कांद्याचा भाव विचारला. निवृत्तीनं आख्खं पान पाठवलं. झेंडूच्या माळा, गणपती, सुस्वागतम्. मोबाइल गपगार.

"अरे शहाण्या," ऑफिसातल्या खैरनार मॅडम कडाडल्या, "मोबाइलला जेसन द्यायचं! वस्तूचं नाव, दोन टिंबं, भाव. नुसता माल. भोवतीचं मखर नको."

"बरं मॅडम."

संध्याकाळी धुमाळ मुलगा बघायला आले. मावशी म्हणाली, "पाहुण्यांना पोहे दे रे."

निवृत्तीनं नुसता माल दिला. बशी नाही, चमचा नाही. कढईतले पोहे थेट धुमाळांच्या ओंजळीत.

"भाजलो!"

मावशीनं कपाळ बडवून घेतलं. "मेल्या, देताना वर खोबरं-कोथिंबीर पेरून, सजवून द्यावं!"

"बरं मावशी."

धुमाळ हात फुंकत म्हणाले, "असू द्या हो. हुशार माणसं अशीच असतात." आणि लग्न ठरवून गेले. घ्या!

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या भावावर खोबरं-कोथिंबीर. गावभरच्या मोबाइलवर बिघाडाची लाल अक्षरं.

"जेसनमध्ये कोथिंबीर?" मॅडमना घाम फुटला. "गिऱ्हाइकांपुढं अब्रू गेली! आतली भानगड बाहेर दाखवू नये. आत काही का मोडेना, विचारणाऱ्याला उत्तर एकच. सगळं ठीक!"

"बरं मॅडम."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा टेंपो घाटात बंद पडला. धुमाळांचा फोन आला.

"जावईबापू, कुठवर आलात?"

"सगळं ठीक."

"मुहूर्त जवळ आलाय. दुसरी गाडी पाठवू का?"

"सगळं ठीक."

धुमाळ निर्धास्त झाले. मुहूर्त काही थांबेना. मग पुन्हा फोन, आणि आवाज चढलेला.

"तुमची वाट बघून पंगतीला आलेल्या तलाठ्याला दिली मुलगी! पडल्या अक्षता! आता बोला!"

"सगळं ठीक."

मावशीनं टेंपोतून मान बाहेर काढली. "काय म्हणाले रे व्याही?"

"सगळं ठीक, मावशी."

"मग बघता काय? वाजवा रे!" मावशी बँडवाल्यांवर ओरडली. आणि बंद टेंपो ढकलत, नाचत, गुलाल उधळत वरात पुढं निघाली.