नाळेवरची वीतभर कोरी फळी

शेलटीच्या खाडीत फिरायला आलेले पाहुणे हमखास एक प्रश्न विचारतात. इथल्या प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, वीतभर फळी कोरी का? बाकीची होडी तेल पिऊन काळीभोर झालेली आणि तेवढाच तुकडा फिका, उघडा. आळस म्हणावा, तर शेलटीच्या माणसाला दुसरे काहीही म्हणा, होडीच्या बाबतीत आळशी म्हणू नका. दोन दिवस बोलणार नाही. ती वीत मुद्दाम सोडलेली असते. पाहुण्यांना होडीतून फिरवणारे म्हातारे बाबल तांडेल द्वारकेच्या कातळापाशी इंजिन बंद करतात आणि त्यामागची हकिगत सांगतात.

फार मागे इथे रवळू नावाचा गाबीत मच्छीमार राहत होता, म्हणे. त्या काळी होड्या चौघांत मिळून असत. रवळूने मात्र लग्नात बायकोला शब्द दिला, की तुला माहेरी नेईन ते माझ्या स्वतःच्या होडीतून. बायकोचे नाव द्वारका. तिचे माहेर खाडीच्या पार वरच्या टोकाला. डोंगरातून पायी गेले तर दोन दिवस, पाण्यातून गेले तर एका भरतीचे काम. रवळूने वर्षभर खपून फणसाची होडी केली. अख्खा गाव बघायला आला.

पण रवळूचा बाप गळक्या होडीपायी बुडून गेला होता. ते भय पोराच्या हाडात शिरले होते. होडी पाण्यात घालायची वेळ आली, की त्याला कुठेतरी एक फट दिसे. मग कापूस ठोस, राळ ओत, उंडीच्या तेलाचा आणखी एक हात दे. दर वर्षी पाऊस सरला, की द्वारका तांदळाच्या भाकऱ्या केळीच्या पानात बांधून या कातळावर येऊन बसायची. भरती चढायची, उतरायची. रवळू तिकडे वाळूत होडीखाली उताणा पडून तेल चोळत असायचा.

"आजचो दिवस ऱ्हवांदे गो," तो ओरडून सांगायचा. "नाळेकडे एक हात तेलाचो रवलो हा."

"तुमची होडी न्हाय, नवरी आसा ती," द्वारका हसून म्हणायची. "माका एकदा आवशीक बघूचा हा. भिजले तर भिजले."

मग दोघे तिथेच वाळूत बसून भाकरी खात. अशी पाच वर्षे गेली. पहिली दोन वर्षे ती हसली. पुढे हसणे कमी झाले, तरी भाकऱ्या बांधायचे तिने सोडले नाही. सहाव्या वर्षी भादव्यात तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी सगळे संपले.

बारावे झाल्यावर रवळू उठला आणि होडी एकट्याने ओढत पाण्यात घातली. नाळेवर वीतभर तेल लावायचे राहिले होते, तसेच राहू दिले. होडीत थेंबभर पाणी आले नाही. पाच वर्षांपूर्वीही आले नसते. हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो वल्ही टाकून मोठ्याने रडला, असे सांगतात.

कातळापाशी येताच होडी थांबली. भरतीचे पाणी धावत होते, पण होडी हलेना. रवळूला काय वाटले कोण जाणे, त्याने कातळाकडे पाहून हाक मारली, "येतंस गो?" तशी नाळ वीतभर खाली झुकली. रवळू तर मागे बसलेला; खरे म्हणजे नाळ वर उचलली जायला हवी. ती झुकली आणि होडी चालू लागली.

वाटभर तो बोलत होता. ही तिवरांची राई, ही बगळ्यांची झाडे, इथून पाणी गोडे होते. उत्तर येत नव्हते, पण नाळ खालीच होती. शेवटच्या वळणावर तिच्या माहेरचा धक्का दिसला. म्हातारी आई काठी टेकत खाली आली, होडीत लेकीला शोधू लागली आणि म्हणाली, "जावयबापूनू, चेडू खंय माजा?"

त्याच क्षणी नाळ हलकी होऊन वर आली.

द्वारका उतरली होती. परतीच्या ओहोटीला रवळू एकटा आला. पुढे तो म्हातारा होईपर्यंत या कातळापाशी थांबून रोज हाक मारत असे, म्हणतात. नाळ पुन्हा कधी झुकली नाही. त्याने त्या होडीला परत तेलाचा हात लावला नाही आणि एका वर्षी ती इथेच बुडाली.

आजही शेलटीत पाऊस सरला, की होड्यांना तेल लागते आणि शेवटची वीत राहिली, की मालक हात पुसून घराकडे निघतो. दारात उभा राहून बायकोला हाक मारतो, "चल गो, होडी तयार झाली." ती तयार झालेली नसते, हे दोघांना ठाऊक असते. बायको चुलीवरचे उतरवून तशीच निघते. त्या दिवशीची पहिली फेरी तिची.

बाबल तांडेलांच्या घरात तीन वर्षांपासून कुणी नाही. यंदाही तेलाचे हात पुसून ते दारात गेले होते.