सगुणेची मोरी आणि पांढरा सदरा

चिवारवाडीत शिरणारी वाट व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, जाते. खाली पाणी जायला लाल जांभ्या चिऱ्यांची मोरी, वर पुरुषभर उंच मातीचा भराव. वैशाखात, पावसाच्या तयारीला, या भरावावर खडीच्या पाट्या पडतात. पण त्याआधी वाडीतला सर्वांत वयस्कर पुरुष पांढराशुभ्र सदरा घालून मोरीत शिरतो आणि रांगत पलीकडे निघतो. पाहुण्यांना हसू येते. मग यंदाचे मानकरी दाजीबा त्यांना ही हकिगत सांगतात आणि नंतरच वाकतात.

फार पूर्वी, म्हणे, ही वाट दर पावसाळ्यात वाहून जायची. वाडीत शब्द चालायचा तो भिवबाचा. वाट खचली की तो भराव हातभर वाढवी आणि मजबुतीसाठी मोरीला आतून चिऱ्यांचा आणखी एक थर लावी. मोरी अरुंद होत गेली. व्हाळाला रक्त हवे असे ठरवून कोंबडाही कापला जाई. एका आषाढात वाट तुटली, सुईण पलीकडे अडकली आणि अलीकडे भिवबाच्या थोरल्या सुनेचे मूल गेले.

पुढच्या वैशाखात धाकटी सून सगुणा सात महिन्यांची गरोदर होती. तिचे दिवस आषाढातच भरणार होते. पाण्याला जागा द्या, असे तिने सासऱ्याला तीनदा सांगितले. व्हाळ तुझ्या माहेराहून आला काय, असे म्हणून भिवबाने चारचौघांत तिची टर उडवली. म्हातारी मंडळी पोटभर हसली.

नवा थर लावायच्या दिवशी सगुणा मोरीच्या वरच्या तोंडात जाऊन बसली. गडी थांबले. सह्याद्रीवर काळे भरून आले होते. भिवबा खालच्या तोंडाशी येऊन ओरडला, "भायर ये गो. पावस इलो."

"तुमी येवा आतसून, मामांनू," ती म्हणाली. "तुमी आरपार इलात, तर मी उठतंय."

भिवबा रागाने आत शिरला. चार हात गेला आणि त्याचे खांदे चिऱ्यांत रुतले. पुढे सरकवेना, मागे येववेना. तेवढ्यात डोंगरातले गढूळ पाणी आले. सगुणेला उठून काठावर जाता आले असते. ती गेली नाही. असे सांगतात, की तिने पाण्याकडे पाठ केली, हात भिंतींना रोवले आणि मोरीचे तोंड स्वतःच्या अंगाने बुजवले. पाणी तिच्या कमरेला लागले, मग खांद्याला. खालून गडी पहारींनी भिवबाचेच थर फोडत होते. शेवटचा चिरा निघाला, भिवबाला पाय धरून ओढले, आणि मागोमाग सगुणा पाण्याबरोबर आरपार वाहत त्याच्या पुढ्यात येऊन पडली.

भिवबाने फुटलेले चिरे हाताने चाचपले. मग म्हणाला, "जंय माणूस अडाकता, थंय पाणी अडाकतलाच."

त्या वर्षी मोरी रुंद झाली. आषाढात सुईण कोरड्या पायांनी वाट ओलांडून आली. सगुणेला मुलगी झाली.

आजही मानकरी मोरीबाहेर आला की वाडीतली सर्वांत धाकटी सून विचारते, "खंय लागला काय?" तो नाही म्हणतो. ती ऐकून घेते, आणि तरीही त्याला पाठमोरे उभे करून सदऱ्याचे खांदे पाहते. गुडघे मळले तर चालतात.

यंदा दाजीबांच्या डाव्या खांद्यावर बोटभर लाल डाग निघाला. "जुनो हा तो," दाजीबा म्हणाले.

सुनेने खडीच्या पाट्या खाली ठेवायला सांगितल्या आणि पहार मागवली.