मोरघळच्या खिंडीतली तुटकी पाती

पाहुणे, चपला काढू नका. इथं देव नाही. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या, त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि वर नारळही फोडला. खोबरं पोरांनी खाल्लं, पण मला दिवसभर चैन पडलं नाही. वाटेच्या डाव्या अंगाला ही जी छातीएवढी गंजकी रास दिसते, ती सगळी पात्यांची आहे. विळे, कोयते, खुरपी, सुऱ्या. नीट पाहा, एकही शाबूत सापडणार नाही. मोरघळात जो कोणी लोहारकाम शिकतो, त्याचं पहिलं पातं इथं आणून फोडायचं आणि या राशीवर टाकायचं, अशी आमची रीत आहे. राशीखाली एक माणूस आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही. गाव त्याला गढीवाला म्हणतं, मीही तेवढंच म्हणेन.

मी या गावची सून. लग्न होऊन आले आणि सासूनं हाती लाटणं द्यायच्या आधी लोहाराची सांडशी दिली. ही हकिगतही तिनंच सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज असा चढायचा, जणू कालच घडलंय. माझाही चढला तर राग मानू नका.

पलीकडच्या टेकडीवर तेव्हा गढी होती. आता घाणेरीची झुडपं आहेत, बरं झालं. गढीच्या पायथ्याशी नाथा लोहाराची भट्टी होती आणि नाथाबरोबर त्याची बायको हौसा घण मारायची. लोहाराचं काम दोघांचं असतं. एक जण सांडशीत तापलं लोखंड धरून ऐरणीवर ठेवतो आणि हातोडीनं हलकेच ठोकून दाखवतो, की घाव इथं हवा. दुसरा तिथंच घण घालतो. बोलायचं काम नाही. हातोडी ऐरणीवर आडवी पडली, की घण थांबला. नाथा आणि हौसा असे वर्षानुवर्षं समोरासमोर उभे राहिले आणि त्यांचा एक घाव कधी वाकडा पडला नाही, असं सांगतात. नाथाचं पातं वाकत नसे आणि तुटतही नसे.

त्यातलं मर्म शेवटच्या कामात होतं. पातं लालबुंद करून पाण्यात बुडवलं, की ते कडक होतं. पण नुसतं कडक पातं काचेच्या बांगडीसारखं असतं, जोराचा धक्का बसला की तडकलं. म्हणून ते घासून पुन्हा मंद आचेवर धरायचं. त्यावर आधी वाळल्या गवताचा रंग चढतो, मग मधाचा, मग जांभळाचा. हवा तो रंग दिसला, की झटकन काढायचं. तेवढ्यानं पात्याचा कडकपणा थोडा उतरतो आणि ते मार सोसायला लागतं. हे रंग पाहणं नाथाचं काम. बाईनं घण मारावा, पण सांडशी धरू नये, असा तेव्हाचा नियम होता. कुणी केला होता कोण जाणे.

गढीवाल्याला तलवारींचा भारी शौक. त्याला कुणा परदेशी सौदागरानं सांगितलं होतं म्हणे, की खरी तलवार ती, जिच्या धारेवर कानस घासली तर चावत नाही, घसरते. झालं! त्या दिवसापासून हा स्वतःला मोठा पारखी समजू लागला आणि कमरेला कानस अडकवून फिरू लागला. स्वारीला निघालेला दिसला, की लोक विळे-कोयते लपवायचे, न जाणो आपल्याच दारात परीक्षा घ्यायचा.

त्यानं नाथाकडून तलवार करवून घेतली. न्यायला आला तो एकटा नाही, पाच-पन्नास माणसं आणि एक पाहुणा सरदार घेऊन आला. सगळ्यांसमोर त्यानं धारेवर कानस ओढली. कानस जराशी चावली, बारीक ओरखडा उठला. पाहुणा सरदार मिशीतल्या मिशीत हसला.

"मऊ लोखंड गळ्यात मारतोस माझ्या?" गढीवाला ओरडला.

नाथा म्हणाला, "मऊ न्हाई, सरकार. कडकपणा उतरवलाय, म्हनून कानस थोडी लागती. न्हाई उतरवला तर पयल्या घावाला तुटंल. तुमच्या जिवाशी खेळ व्हईल."

यात चुकीचं काय होतं? पण माणसांसमोर लोहारानं शिकवलं, हे त्याला झोंबलं. त्यानं नाथाचा उजवा हात त्याच्याच ऐरणीवर दाबून धरायला लावला आणि हौसेला म्हणाला, "मार घण." हौसेनं घण टाकून दिला. मग त्याच्या एका शिपायानं तो उचलला.

सासू इथं थांबायची. मीही जास्त सांगत नाही. तलवार त्यानं दरीत फेकून दिली आणि मंडळी हसत गढीवर गेली.

नाथा लगेच मेला नाही. जखम चिघळत राहिली, अंगात ताप राहिला, पण भट्टी विझली तर हौसा खाणार काय, हा घोर त्याला लागला. त्यानं तिच्या हाती सांडशी दिली. भिंतीला टेकून बसायचा आणि डाव्या हातातल्या काठीनं दाखवायचा, इथं ठोक, इथं वळव. हौसेला घावाचा आवाज पाठ होता, रंग मात्र ठाऊक नव्हते. किती विळे तिनं वाकवले, किती तडकवले! शेजारणी म्हणायच्या, बाईमाणसाला हे जमायचं नाही. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. नवऱ्याला वाटायचं, पोटासाठी शिकते आहे. पण तिच्या मनात एकच गोष्ट होती. गढीवाला मेलेला बघायचा, आणि तो आपल्या हातच्या लोखंडानं.

नाथाला ते कधीतरी कळलं. त्यानं तिला जवळ बसवलं.

"हौसे, मनात काय हाय तुझ्या?"

"तुमच्या हाताचा सूड."

"घे. पर लोहाराचं नाव राख. खोटं पातं खरं म्हनून कुनाच्या हाती द्यायचं न्हाई. वैरी असला तरी न्हाई. आन घे माझी."

ती रडली म्हणे. रागानं रडली. खोट्या पात्यावाचून दुसरं हत्यार तिच्याजवळ होतं कुठं? नवऱ्यानं तेही बांधून टाकलं. पण मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिनं शपथ घेतली. पुढच्या अमावास्येच्या आत नाथा गेला.

आता गंमत पाहा. नाथाचा हात फुटलेला पाहून पंचक्रोशीतले लोहार भाते गुंडाळून पळाले होते. त्यातच घाटाखालचा वैरी चढून येणार अशी बातमी गढीवर आली आणि गढीवाल्याच्या लाडक्या तलवारी एकेक करून वाकलेल्या निघाल्या. इकडे हौसा रोज सकाळी ऐरण वाजवायची. निरोप नाही, आर्जव नाही. आवाज सरळ टेकडीवर जायचा. शेवटी एके सकाळी तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

"नवऱ्याची विद्या येते तुला?"

"येते, सरकार."

"मग तलवार कर. आणि कानस घसरली पाहिजे. घसरली नाही तर तुझेही हात जातील."

हौसेनं तलवार केली. घण मारायला शेजारची केरूबाई उभी राहिली, आणि तिनंच पुढं हे सगळं गावाला सांगितलं. चांगलं लोखंड घेतलं, कुठं चीर नाही, कुठं राख अडकलेली नाही. लाल केली, पाण्यात बुडवली, घासून लखलखीत केली. आणि तशीच ऐरणीवर ठेवून त्याची वाट पाहत बसली. केरूबाई घाबरली. म्हणाली, "अगं, आचेवर धरायची ऱ्हायली." हौसा म्हणाली, "ठावं हाय मला."

गढीवाला आला. त्यानं मुठीला हात घातला, तशी हौसा उठून उभी राहिली.

"सरकार, हात लावू नगा. काम अपुरं हाय. कडकपणा उतरवायचा ऱ्हायलाय. अशी न्याल तर पयल्या घावाला तुटंल."

त्यानं कानस काढून धारेवर ओढली. कानस घसरली, काचेवरून घसरावी तशी. त्याचा चेहरा फुलला.

"घटकाभर थांबा, पुरी करून देते," हौसा म्हणाली. "मग कानस थोडी लागंल, पर जीव वाचंल तुमचा."

"नवऱ्याचीच टकळी चालवतेस?" तो हसला. "त्याला हात गमावूनही अक्कल आली नाही, आणि तुलाही नाही."

"समद्यांदेखत सांगते, सरकार. ही तुटनार."

केरूबाई सांगायची, की हौसेनं पदर पसरून सांगितलं, शब्दानं फसवलं नाही, आवाजातही लबाडी ठेवली नाही. पण तिला तो माणूस पुरता ठाऊक होता. लोहारणीचं ऐकून तलवार खाली ठेवणारा असता, तर नाथाचा हात शाबूत राहिला असता. त्यानं ती म्यानात घातली आणि घोड्यावर बसला. हौसेनं भात्याजवळ बसून पोटभर भाकरी खाल्ली. नाथा गेल्यापासून प्रथमच.

वैऱ्याशी इथं, याच खिंडीत गाठ पडली. गढीवाला सगळ्यांच्या पुढं होता, भित्रा नव्हता तो, तेवढं खोटं कशाला बोलू? त्यानं पहिला घाव घातला, समोरच्यानं तो ढालीवर घेतला, आणि तलवारीचे तीन तुकडे होऊन खडकावर खणखणले. हातात नुसती मूठ राहिली. पुढचं व्हायला वेळ लागला नाही. त्याची माणसं पळाली, आणि वैरीही गढी लुटायला पुढं गेला.

हौसा वर आली तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती. तिला पाहून तो म्हणाला, "दगा दिलास."

"सांगितलं व्हतं," हौसा म्हणाली.

तो आणखी काही बोलू पाहत होता. ती त्याच्याशेजारी खडकावर बसली आणि मरेपर्यंत पुनःपुन्हा तेवढंच म्हणत राहिली. सांगितलं व्हतं. सांगितलं व्हतं. मग तिनं तलवारीचे तुकडे वेचून त्याच्या छातीवर ठेवले, वर दगड रचले आणि गावाला बजावलं, की ह्याला अग्नी द्यायचा नाही, ह्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ह्याच्यावरचं लोखंड कमी होऊ द्यायचं नाही. ज्या दिवशी गंज सगळं खाऊन टाकील, त्या दिवशी हा सुटेल. तुम्हाला हा सुटायला हवा असेल, तर खुशाल हात आखडता घ्या.

त्यानंतर हौसेनं गावातल्या बायकांना सांडशी धरायला शिकवलं, पुरुषांनाही शिकवलं, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं पातं कडकपणा न उतरवता, कच्चं ठेवून इथं फोडायला लावलं. पातं कसं तुटतं ते हाताला एकदा कळलं, की माणूस जन्मात कुणाला तसं पातं देत नाही. हा शिकवणीचा भाग झाला. बाकीचा भाग राशीखालच्यासाठी.

आजही आमच्याकडे शिकणारा या खडकावर पातं आपटतो, तुकडे राशीवर टाकतो आणि खाली वाकून मोठ्यानं ओरडतो, "सांगितलं व्हतं!" पावसाळा बराच गंज धुऊन नेतो, पण गावात शिकणारे कमी पडत नाहीत. गेल्या चैत्रात माझ्या नातीचं पातं पडलं. तुमच्यासारखी भली माणसं येतात आणि म्हणतात, आजी, इतक्या पिढ्या झाल्या, आता त्याला मोकळं करा की. मी त्यांना चहा देते. मग एवढंच विचारते, की ह्याला निदान आधी सांगितलं तरी होतं. हातावर घण पडणार, हे नाथाला कुणी सांगितलं होतं?