दादासाहेबांचा घण

आमच्या वेळी गाड्यांचं डेंटिंग उस्तादाच्या हाताखालीच शिकावं लागायचं. मी कराडला दादासाहेब जगदाळ्यांच्या गॅरेजात शिकायला गेले. पत्र्याचा तो खणखणाट अजून कानाला गोड लागतो.

दादासाहेब सगळ्या मिस्त्र्यांसमोर म्हणाले, "बाई, चेपलेला पत्रा सरळ करायला ताकद लागते. हा घण उचल, नाहीतर घरची वाट धर."

घण जागचा हलेना. मिस्त्री फिदीफिदी हसले.

समोर ट्रकनं ठोकलेली मोटार उभी होती. तिचं चेपलेलं दार दाखवत मी म्हणाले, "दादासाहेब, ताकदीनंच पत्रा सरळ होत असेल, तर ट्रकवाल्यालाच ठेवा की कामाला!"

दादासाहेबांनी घण बाजूला सारून लहान हातोडी माझ्या हातात दिली.

अजून ती माझ्याकडंच आहे. परत मागायची त्यांची छाती झाली नाही.