गुंजाचा हरवलेला थकवा

चंद्राई नदी जिथे वळताना कमरेत लचकते, तिथे बांबूच्या हिरव्यागार बनाला टेकून फुलवडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. त्या गावाच्या टोकाला एक झोपडी होती. तिच्या छपराला इतकी भोकं होती, की चांदण्या रात्री जमिनीवर चंदेरी टिकल्या सांडल्यासारख्या दिसायच्या. या झोपडीत गुंजा नावाची मुलगी तिच्या बाबांबरोबर राहायची.

गुंजाचे बाबा कोलांट्यांच्या नाचाचे गुरुजी होते. हवेत गिरकी घेऊन फुलासारखं अलगद खाली उतरावं, हातांवर चालावं, एकमेकांच्या खांद्यांवर चढून उंच मनोरा रचावा, असा तो नाच. पण बाबांनी वर्षानुवर्षं उसंत म्हणून घेतली नाही. पाठ दुखायची, तरी ते म्हणायचे, "अजून एकदा!" मग एके दिवशी मागे वाकून अंगाची कमान टाकताना त्यांच्या पाठीत अशी चमक भरली, की त्यांनी खाट धरली ती धरलीच.

तेव्हापासून शिकवायचं काम गुंजाकडे आलं. ती स्वतःच अजून लहान होती, पण गावातली चिमुरडी पोरं तिला गुंजाताई म्हणायची. त्यांच्या आया कुणी वाटीभर तांदूळ, कुणी दुधाचं भांडं आणून द्यायच्या. तेवढ्यावर घर चालायचं.

त्या वर्षी राणी चित्रलतेने दवंडी पिटवली. वसंतोत्सवात ज्यांचा नाच सगळ्यात सुंदर होईल, त्यांना राजवाड्याच्या बागेतला मोठा मंडप शिकवायला कायमचा मिळेल आणि राजवैद्य त्यांच्या घरच्या आजाऱ्यावर उपचार करतील.

"बाबा, मी तुम्हाला बरं करीन," गुंजा म्हणाली. त्या दिवसापासून ती पहाटे उठायची आणि अंधार पडेपर्यंत शिकवायची. मुलं घरी गेली, की एकटीच सराव करायची. तिचे पाय ठणकायचे, डोळे चुरचुरायचे. भाकरीचा घास हातात तसाच राहायचा आणि तिला बसल्या बसल्या डुलकी लागायची.

एका दुपारी मुलांना मऊ गादी करावी म्हणून गुंजा वाळलेली पानं गोळा करायला बनापलीकडच्या रानबागेत गेली. तिथे निळी-जांभळी गोकर्णीची फुलं वेलींवर झुलत होती, शेवंतीचे पिवळे गोंडे उन्हात हसत होते. आणि कर्दळीच्या एका गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, पाळण्यात झोपावी तशी, एक इवलीशी परी झोपली होती! अंगठ्याएवढी. तिचे पंख पोपटी होते आणि श्वासाबरोबर त्यांच्यावरची सोनेरी धूळ लुकलुकत होती.

गुंजाला वाटलं, हिला उठवावं, काहीतरी मागावं. पण परीच्या चेहऱ्यावर इतकी गाढ, गोड झोप होती, की गुंजाला ती मोडवेना. तेवढ्यात ऊन सरकून परीच्या डोळ्यांवर आलं. गुंजाने चटकन आपली ओढणी दोन्ही हातांनी उंच धरली आणि सावली केली. हात भरून आले, खांदे दुखले, तरी ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने परीने डोळे उघडले. हातपाय ताणून ती गोड हसली.

"किती दिवसांनी माझी झोप पुरी झाली! जो येतो तो मला हलवून उठवतो आणि काहीतरी मागतो. तू मात्र सावली धरून उभी राहिलीस. तुझं नाव काय गं, बाळ?"

"गुंजा."

"गुंजा, मी तुला दोन इच्छा देते. पण नीट ऐक हं. इच्छा दोनच, तिसरी नाही. आणि एकदा मागितलेलं नकोसं झालं, तर ते मोडायला दुसरी इच्छा खर्च करावी लागते. म्हणून विचार करून माग."

गुंजाने विचार केलाच नाही. तिच्या पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या!

"परीताई, मला कधीच थकवा येऊ नये. मग मी रात्रंदिवस शिकवीन."

परीचं हसू थोडं मावळलं. "नक्की?"

"अगदी नक्की!"

परीने फुंकर मारली. सोनेरी धूळ गुंजाभोवती भिरभिरली आणि तिच्या अंगातला सगळा शीण कापसासारखा उडून गेला.

किती मजा! गुंजा उड्या मारतच घरी आली. आता ती दिवसभर नाचली तरी ताजीतवानी असायची. झोपही तिला येईनाशी झाली. रात्री सगळं गाव झोपलं, की ती छपरातून चांदण्यांकडे बघत पडून राहायची.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आलीच नाही. थकवा कसा असतो, हेच ती विसरून गेली होती.

"ताई, माझे पाय थरथरतायत," छोटी तानी म्हणाली. तानी सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलकी, म्हणून मनोऱ्याच्या टोकावर तीच चढायची.

"थरथरतायत? म्हणजे काय?" गुंजाने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "चला, अजून एकदा!"

खाटेवरून बाबांनी ते शब्द ऐकले आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. "गुंजा, पोरं दमली आहेत गं. त्यांना बसू दे."

"बाबा, उत्सव जवळ आलाय!"

मनोरा पुन्हा उभा राहिला. तानी वर चढली. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या. वर पोहोचून तिने हात पसरले, आणि तशीच उभ्या उभ्या तिला डुलकी लागली. मनोरा डगमगला. तानी धपकन खाली पडली. पानांची गादी होती म्हणून जीव वाचला, पण तिचा उजवा हात मनगटातून वाकडा झाला.

"आई गं!" तानी कळवळली. सगळी मुलं रडायला लागली.

गुंजाने तानीला उचललं, तिच्या आईकडे पोहोचवलं, आणि धावत रानबागेत गेली. "परीताई! परीताई!"

कर्दळीचं पान हललं. परी बाहेर आली. तिला सगळं कळलं होतं.

"मी तानीचं ऐकलंच नाही," गुंजा हुंदके देत म्हणाली. "ती सांगत होती, पण मला समजलंच नाही."

"थकवा हा शरीराचा बोल असतो, बाळ," परी हळूच म्हणाली. "तुझा बोल गेला, म्हणून दुसऱ्यांचाही तुला ऐकू येईना. तुझ्याकडे एक इच्छा उरली आहे. तुझा थकवा परत माग. मग तू पुन्हा पहिल्यासारखी होशील, तुला झोपही येईल."

गुंजाला झोपेची आठवण झाली. उबदार गोधडी, जड होणारे डोळे, हळूहळू दूर जाणारा बेडकांचा आवाज. किती किती हवंसं होतं ते! पण तिच्या डोळ्यांसमोर तानीचा सुजलेला हात आला.

"तानीचा हात बरा होऊ दे," ती म्हणाली.

"मग तुझा थकवा परत येणार नाही."

"नाही आला तरी चालेल. तिचा हात आधी."

परीच्या डोळ्यांत दवाचा थेंब चमकला. तिने फुंकर मारली. त्याच क्षणी गावात तानी उठून बसली, आणि आपल्या सरळ झालेल्या हाताकडे बघत राहिली.

त्या रात्री गुंजा बाबांच्या खाटेशी बसली. तिने त्यांना सगळं सांगितलं.

बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "माझी पाठ मला रोज सांगत होती, 'आता पुरे.' मी तिला गप्प केलं. आता तुला ऐकू येत नाही ना? मग बघून शिक. मुलांच्या तोंडाकडे बघ."

दुसऱ्या दिवशी गुंजा तानीच्या घरी गेली. "तानी, माझं चुकलं. येशील पुन्हा? या वेळी तू म्हणशील तेव्हा थांबू."

तानीने आईकडे पाहिलं. आईने गुंजाकडे पाहिलं. मग म्हणाली, "जा. पण दुपारी जेवायला घरी पाठव."

"रोज पाठवीन, काकू."

मग गुंजा बघायला लागली. मुलं दमली, की आधी त्यांचं हसणं थांबतं, हे तिला दिसलं. मग गुडघे लटपटतात. मग ती एकमेकांवर खेकसतात. म्हणून हसणं थांबलं, की ती नाच थांबवायची. दुपारी सगळे आंब्याच्या गार सावलीत आडवे व्हायचे. गूळ-पाणी प्यायचं, एकमेकांच्या पोटऱ्यांना तिळाचं तेल चोळायचं. आठवड्यातला एक दिवस उडीच मारायची नाही. त्या दिवशी नदीत डुंबायचं आणि वाळूत किल्ले करायचे.

गुंजाही त्यांच्याबरोबर आडवी व्हायची. तिला झोप येत नसे. पहिले काही दिवस तिला फार कंटाळा आला. उठून पळावंसं वाटायचं. पण ती पडून राहिली, आणि हळूहळू तिला सुगरणीची पिल्लं घरट्यात कशी चिवचिवतात ते ऐकू येऊ लागलं.

सगळं आपणच करायचं, हाही हट्ट तिने सोडला. बाबांची खाट अंगणात आणली. बाबा उशीला टेकून ढोलकी वाजवू लागले आणि बसल्या जागेवरून ताल शिकवू लागले. मोठी मुलं धाकट्यांना आधार द्यायला शिकली. गंमत म्हणजे, कमी वेळ नाचूनही नाच अधिक सुंदर होऊ लागला. पाय ताजे असले, की उडी आपोआप उंच जायची.

वसंतोत्सव आला. राजवाड्याची बाग केशरी पळसफुलांनी पेटल्यासारखी दिसत होती. गावोगावची पथकं नाचली. शेवटी फुलवडीची मुलं पुढे आली. खाटेसकट उचलून आणलेल्या बाबांची ढोलकी घुमली आणि मुलं उडाली! लाल, पिवळ्या, निळ्या झग्यांची जणू फुलपाखरं झाली. मनोरा उभा राहिला आणि टोकावर तानीने दोन्ही हात पसरून खदखदून हसून दाखवलं.

राणी चित्रलता टाळ्या वाजवत उभी राहिली. "वा, वा! पुन्हा! आत्ताच पुन्हा करा!"

सगळे गुंजाकडे बघू लागले. गुंजाने मुलांकडे पाहिलं. तानी हसत नव्हती. तिचे गुडघे लटपटत होते. मंडप, राजवैद्य, बाबांची पाठ, सगळं गुंजाच्या डोळ्यांसमोर आलं.

ती पुढे झाली आणि वाकून म्हणाली, "राणीसाहेब, क्षमा करा. मुलं दमली आहेत. उद्या सकाळी आम्ही आनंदाने पुन्हा नाचू. आज नाही."

राणीच्या भुवया वर गेल्या.

"मला आजवर कुणी 'आज नाही' म्हटलेलं नाही."

"मंडप नाही मिळाला तरी चालेल," गुंजा म्हणाली. "पण मी यांना आता वर चढवणार नाही."

राणी पायऱ्या उतरून खाली आली. तिने तानीसमोर बसून विचारलं, "दमलीस गं?"

"हो," तानी म्हणाली. "आणि भूकपण लागलीये."

राणी हसली, आणि मग सगळी बाग हसली. "गुंजा, नाच तर तुमचाच सुंदर होता. पण मुलांना अशी जपणारी गुरू मी पाहिली नव्हती. मंडप तुझा. राजवैद्य आजच तुझ्या बाबांना बघतील. आणि आधी या सगळ्यांना खीर वाढा बघू!"

संध्याकाळी मुलं खीर खाऊन मंडपातच गालिच्यावर लवंडली. राजवैद्यांचा लेप लावून बाबाही आरामात पडले होते. गुंजा नेहमीसारखी मुलांशेजारी आडवी झाली. तेवढ्यात मोगऱ्याच्या झुडपातून पोपटी प्रकाश आला.

"परीताई!" गुंजा पुटपुटली. "माझ्या इच्छा तर संपल्या."

"संपल्याच," परी तिच्या उशीवर उतरली. "पण ही भेट आहे. भेटीला नियम नसतो. स्वतःला कळत नसतानाही तू दुसऱ्यांचा थकवा ओळखायला शिकलीस. आता तुझा तुला परत घे."

परीने गुंजाच्या पापण्यांवर आपला इवलासा हात ठेवला. गुंजाच्या पायांत एक मऊ जडपणा उतरला, मग हातांत, मग डोळ्यांत. आणि तिला आली एक भलीमोठी, लांबलचक जांभई!

तिला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हललेही. परी वाकून ऐकू लागली, पण शब्द निघण्याआधीच गुंजाचे डोळे मिटले.

मग परीचे पंख उजळले. आधी पोपटी, मग सोनेरी, मग पहाटेसारखे पांढरेशुभ्र. सगळा मंडप प्रकाशाने भरून गेला, आणि त्या प्रकाशात ती हळूहळू विरून गेली.

पण गुंजाने ते काहीच पाहिलं नाही. तिला केव्हाच गाढ झोप लागली होती.