वानराची तिरडी

फार जुनी गोष्ट. दाट रानाला लागून एक गाव होतं. तिथे वानर मेलं की त्याला मारुतीचं रूप मानत, न्हाऊ घालत आणि तिरडीवर ठेवून वाजतगाजत स्मशानात नेत. पुढे चालायचा तो मारुतीच्या देवळातला गुरव. त्याच्याशिवाय तिरडी उठत नसे.

एका वर्षी रानात वानरं पटापट मरू लागली. मागोमाग माणसांनाही ताप भरू लागला. वानरांसाठी आणि माणसांसाठी लाकडं रचून रचून गुरवाचे हात भरून आले. त्याच्या सुनेनं पहिल्या वानराला न्हाऊ घातलं होतं. तीही तापानं फणफणली. लोकांनी तिला गावाबाहेरच्या झोपडीत नेऊन टाकलं.

सासू तिच्यापाशी राहिली. तिचं अंग पुसायची, पेज भरवायची, तिथेच झोपायची. सासूला मात्र काहीच झालं नाही. गुरव विचारात पडला. आजाऱ्याजवळ राहून ताप येत नव्हता. येत होता तो वानराला हात लावणाऱ्यांना, तिरडीला खांदा देणाऱ्यांना. या लोकांना कपड्यांवरच्या गोचिडी झटकताना त्यानं कितीदा पाहिलं होतं. मेलेलं अंग सोडून त्या जिवंत माणसाला धरत होत्या.

अशात पारापाशी आणखी एक वानर मरून पडलं. पाटील म्हणाला, "देव कोपलाय. आता तिरडी थाटात काढ. देव शांत झाला की तुझ्या सुनेला गावात घेऊ."

हो म्हणावं आणि पोरीला घरी आणावं, एवढंच गुरवाला वाटत होतं. भांडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"माझी सून आणायला दुसऱ्यांच्या सुना नाही घालवायच्या मला," तो म्हणाला. "कुणी जवळ जाऊ नका. ताप त्याच्या अंगावरच्या गोचिडींतून येतोय."

लांबूनच त्यानं वानरावर पेंढा फेकला, पलिता टाकला आणि हात जोडले.

गाव खवळलं. पाटलानं देऊळ काढून घेतलं आणि त्यालाही झोपडीत धाडलं.

पुढेही वानरं मेली. पण गुरव नाही म्हणून तिरडी उठेना, आणि धास्तीनं कुणी वानराला शिवेना. मग नव्यानं कुणालाच ताप आला नाही. पाटलाला उशिरा का होईना, उमगलं. तो झोपडीपाशी येऊन मान खाली घालून उभा राहिला, मग सुनेला गावात न्यायला आणलेल्या डोलीला त्यानं स्वतः खांदा दिला. ती वाचली होती, पण नुसती हाडं उरली होती. गुरव मागून चालला. त्याला आनंद झाला होता, पण हसण्याइतकी ताकद नव्हती.

तात्पर्य: संकटाचं कारण शोधलं नाही, तर माणूस आजाऱ्याला लांब ढकलतो आणि आजाराला खांद्यावर घेऊन मिरवतो.